आधी त्याची जुनी इमारत बघून ये

अगं, त्या सॅम्पल फ्लॅटबद्दल तू किती भरभरून बोललीस! पहिलं घर, तेही तुम्हा दोघांच्या पगारावर. आनंद व्हायलाच हवा. तो आनंद मला मोडायचा नाही. पण टोकन देण्याआधी माझ्या मनातलं तुला सांगते, कारण आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात माणसं टाइल्सचा रंग ठरवण्यात आठवडे घालवतात आणि ज्याच्याकडून घर घ्यायचं त्या माणसाची एक अख्खी दुपारसुद्धा चौकशी करत नाहीत.

सॅम्पल फ्लॅट बहुतेक वेळा साइट ऑफिसशेजारी जमिनीवरच उभारलेला असतो. त्याच्या डोक्यावर गच्ची नाही, वर कुणाचं बाथरूम नाही, त्याच्या भिंतींनी एकही पावसाळा अंगावर घेतलेला नाही. पलंग मापाने लहान करून घेतलेला, आतली दारं काढलेली, दिवे भरपूर. खोल्यांची मांडणी कशी असेल एवढं त्यातून कळतं. बांधकाम कसं होणार, हे तिथे मुळीच कळत नाही.

म्हणून माझं सगळ्यांत मोठं सांगणं हे: या बिल्डरने चार ते सहा वर्षांपूर्वी ताबा दिलेली एक इमारत शोध आणि तिथे जा. स्थळ आलं की आपण मुलाचा फोटो बघून होकार देतो का? चार घरी विचारतो, ऑफिसात ओळख काढतो, मग ठरवतो. तसंच इथे कर. दोन वर्षांच्या इमारतीचा रंग अजून ताजा असतो, त्यामुळे काही कळत नाही. वीस वर्षं जुनी असेल तर तेव्हाचे ठेकेदार वेगळे, इंजिनिअर वेगळे. चार-पाच पावसाळे काढलेली इमारत मात्र सगळं सांगते.

जायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर. रस्त्याकडच्या बाजूकडे फार बघू नकोस, तिला रंग लावून ठेवलेला असतो. मागे डक्टच्या बाजूला जा. पाइपांच्या जोडांखाली काळ्या-हिरव्या शेवाळाचे ओघळ आहेत का, भिंतीवर पांढरे क्षार फुटलेत का, ते बघ. मग पार्किंगमध्ये उभी राहून छताकडे बघ. वरच्या घरांमध्ये पुट्टी आणि पीओपीने सगळं झाकलेलं असतं; पार्किंगमध्ये मात्र स्लॅब आणि बीम बरेचदा जसे ओतले तसेच दिसतात. काँक्रीटमध्ये खडी उघडी पडून पोळ्यासारखी भोकं राहिली असतील, तर ओतताना व्हायब्रेटर नीट फिरवलेला नाही. साइटवर याला हनीकोंब म्हणतात. वरून सिमेंट फासून बुजवलेल्या जागाही ओळखू येतात, रंग वेगळा दिसतो.

भेगांना सरसकट घाबरू नकोस. बीम आणि भिंत जिथे भेटतात तिथे सरळ आडवी रेघ गेली असेल, तर बहुधा गिलाव्याआधी तिथे जाळी लावलेली नाही. काम आळशी आहे, पण इमारत धोक्यात नाही. गिलाव्यावरच्या बारीक केसासारख्या भेगाही सगळीकडे असतात. मात्र कॉलम-बीमवर सळईच्या रेषेत भेग, तांबूस गंजाचे डाग, किंवा काँक्रीटचे पोपडे पडून सळई दिसायला लागली असेल आणि इमारत अवघी पाच-सहा वर्षांची असेल, तर त्या बिल्डरचं घर घेऊ नकोस. मग तो पार्किंग फुकट देवो की मॉड्युलर किचन.

नंतर माणसांशी बोल. वॉचमनला विचार, टँकर किती येतात. घोडबंदर रोडच्या बाजूला आणि डोंबिवलीजवळच्या गावांमध्ये टॉवर उभे राहिले तेवढ्या वेगाने पाणी पोचलेलं नाही. सोसायटीचं टँकरचं बिल दर महिन्याला मेंटेनन्समधून तूच भरणार आहेस. शेवटच्या मजल्यावरच्या बाईंना विचार, बेडरूमच्या छताला रंग कितीदा लावावा लागला. सेक्रेटरींना विचार, भोगवटा प्रमाणपत्र ताब्याआधी मिळालं की नंतर, लिफ्ट किती वेळा बंद पडते, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर, बिल्डरने आपणहून करून दिलं की डीम्ड कन्व्हेयन्ससाठी उपनिबंधकांकडे खेटे घालावे लागले. आणि एक प्रश्न अगदी शेवटी विचार: तक्रार केल्यावर त्याने माणूस पाठवला का? गळती चांगल्या बिल्डरच्या इमारतीतही होते. फोन उचलणारा बिल्डर आणि नंबर बदलणारा बिल्डर यांतला फरक सेक्रेटरीच्या एका उत्तरात कळतो.

मी सोसायटीच्या कमिटीवर काम करते म्हणून हे इतक्या ठामपणे सांगते आहे. आमच्या इमारतीत ताबा मिळाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या घरांमध्ये ओल उतरली. बिल्डरचा माणूस आला, गच्चीवर पांढरं केमिकल फासून गेला, पुढच्या पावसात पुन्हा तेच. शेवटी आम्ही गच्चीचा कोबा एका जागी उकरून बघितला, तेव्हा कळलं की कठड्याच्या कडेला वाटाच नीट केलेला नव्हता. पाणी तिथूनच आत शिरत होतं. गच्ची आणि कठडा जिथे भेटतात तिथला तो गोलसर उतार करायला गवंड्याला फार वेळ लागत नाही. पण त्यावर उभं राहून तो करून घेणारा सुपरवायझर लागतो. बिल्डरचा दर्जा म्हणतात तो मला तिथे दिसतो: कुणी बघत नाही तिथे काम करून घेणारा माणूस त्याने ठेवला आहे की नाही.

आता कागदांचं. इथे मात्र जीव टांगणीला लागतो माझा, कारण हे आपल्याच गावात घडलं आहे. कल्याण-डोंबिवली पालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण २०२२ मध्ये उघडकीला आलं. पालिकेचे बनावट सही-शिक्के, बनावट बांधकाम परवानग्या. आणि त्याच कागदांच्या आधारावर चक्क महारेराचे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाचे, नोंदणी क्रमांक मिळवलेले. यातल्या अनेक इमारतींमधली घरं विकली गेली, करारनामे नोंदवले गेले, मुद्रांक शुल्क भरलं गेलं, अनेकांना गृहकर्जंही मिळाली. १९ नोव्हेंबर २०२४ ला उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडायला सांगितलं. हजारो कुटुंबं एका दिवसात हवालदिल झाली. त्यांच्यातली कितीतरी आपल्यासारखीच. लोकलने दमून येणारी, हप्ता चुकू न देणारी. त्यांनी रेरा नंबर तपासला होता. बँकेनेही होकार दिला होता. म्हणून ‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद बरोबर’ हे वाक्य कुणी म्हटलं तर तू तिथे मान डोलावू नकोस.

कागद जिथून निघाला तिथे जाऊन जुळवायचा, एवढाच मार्ग मला माहीत आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघड. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केलास तरी तिथेच पोचशील. तिथून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि वकिलाचा टायटल रिपोर्ट उतरवून घे. मग प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागात जा. ठाण्यात पाचपाखाडीला पालिका मुख्यालय, तुमच्याकडे कल्याणला शंकरराव चौकात. हा क्रमांक तुमच्या नोंदीत आहे का, किती मजल्यांना मंजुरी आहे, एवढंच विचारायचं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बिल्डर म्हणेल, तोवर रेट वाढेल. वाढू दे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डही स्वतः काढ. त्यावर सरकार, वनखातं, गुरचरण असं काही दिसलं तर पाऊल मागे घे. २०१५ मध्ये पालिकेत आलेल्या २७ गावांच्या बाजूला तर ही काळजी दुप्पट घे. वरच्या ६५ मधल्या बऱ्याच इमारती त्याच भागातल्या होत्या. वकील स्वतःचा कर, बिल्डरने सुचवलेला नको. त्याची फी तुला आज मोठी वाटेल. घराच्या किमतीशेजारी ठेवून बघ.

बेकायदा इमारत आणि कच्ची इमारत ही बहुतेक वेळा एकाच हातची असते, हे विसरू नकोस. शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडची इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली आणि ७४ माणसं गेली. परवानगी नाही, काही महिन्यांत सात मजले चढवलेले, वरचं काम चालूच, आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहायलाही आलेली. ज्याला पालिकेचा इंजिनिअर साइटवर यायला नको असतो, त्याला काँक्रीटची चाचणी करणाराही नकोच असतो.

काँक्रीटचं थोडं समजून घे, कठीण नाही. एम-२५ म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलीमीटरला २५ न्यूटन दाब सहन करणारं काँक्रीट. प्रत्येक स्लॅब ओतताना त्यातलंच काँक्रीट १५ सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यांत भरून ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून बघतात. याला क्यूब टेस्ट म्हणतात. सेल्स ऑफिसात बसलीस की शांतपणे म्हण, पूर्ण झालेल्या चार मजल्यांचे क्यूब टेस्टचे रिपोर्ट बघायचे आहेत. नीट काम करणाऱ्याकडे फाइल तयार असते, साइट इंजिनिअर कौतुकाने दाखवतो. ‘मॅडम, ते टेक्निकल असतं’ असं उत्तर आलं तर ते उत्तरच लिहून ठेव. महारेराकडे इंजिनिअरने द्यायचं दर्जाचं एक प्रमाणपत्र असतं, फॉर्म २-अ, तेही माग.

साइटवर जायला मिळालं तर हेल्मेट घालून जा आणि पाणी बघ. ओतलेल्या काँक्रीटला साध्या सिमेंटमध्ये किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या सिमेंटमध्ये किमान १० दिवस ओलं ठेवावं लागतं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलेलं असेल, कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळलेलं असेल, तर बरं. एप्रिल-मेच्या उन्हात कोरडे पांढरे कॉलम दिसले तर समज, ताकद तिथेच वाया जाते आहे. कॉलमची सळई अजून उघडी असेल तर तिच्याभोवतीच्या रिंगांची टोकं बघ. ती आत, कॉलमच्या पोटाकडे १३५ अंशांत वळवलेली हवीत. भूकंपात कॉलम फुटू नये म्हणून भारतीय मानकातच तसं सांगितलं आहे, पण वाकवायला श्रम जास्त पडतात म्हणून कित्येक ठिकाणी काटकोनात सोडून देतात. सळई वाकवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

रेतीबद्दलही विचार. मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, सगळीकडे रेतीबंदरं होती, खाडीची रेती वर्षानुवर्षं उपसली गेली. खारी रेती न धुता वापरली की त्यातलं मीठ सळईला आतून गंजवतं. गंज फुगतो, काँक्रीट फोडतो, आणि हे सगळं पंधरा-वीस वर्षांनी दिसतं, बिल्डर तेव्हा दुसऱ्याच नावाने दुसरीकडे असतो. शेजारच्या उल्हासनगरात नव्वदच्या दशकातल्या इमारतींनी याचा धडा दिला. निकृष्ट रेतीची चर्चा तिथे अजून संपलेली नाही. २८ मे २०२१ ला तिथल्या साईशक्ती इमारतीचे स्लॅब कोसळून सात जण गेले. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेत चौथ्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब खालपर्यंत कोसळला, सहा जण गेले. आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड आणि आरएमसीचं, म्हणजे प्लांटवर तयार केलेलं, काँक्रीट येतं. आरएमसीच्या गाडीबरोबर चलन येतं, त्यावर ग्रेड आणि निघाल्याची वेळ असते. साइटवर ती चलनं जपून ठेवतात का, विचार.

जागा खाडीच्या किंवा उल्हास-वालधुनीच्या जवळची असेल तर पूररेषा आणि सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) दोन्ही बघून घे. तिथल्या जुन्या किराणा दुकानदाराला विचार, २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. खाडीकाठी माती मऊ असते, इमारत पाइलवर उभी राहते पण आजूबाजूचं आवार खचत जातं. जुन्या इमारतीत पेव्हर ब्लॉक आणि जोत्याच्या मधे फट पडलेली दिसली तर ते त्यामुळे. तिथे ड्रेनेजचे पाइप मोडतात का, तेवढं सेक्रेटरींना विचार.

पैशांच्या बाबतीत कायदा तुझ्या बाजूने आहे, फक्त तो वापर. करारनामा नोंदवल्याशिवाय घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कुणी ‘वीस टक्के भरा, मग अ‍ॅग्रीमेंट’ म्हणालं तर तिथेच उठ. किंमत कार्पेट एरियावरच, सुपर बिल्ट-अप शब्द ऐकूही नकोस. करारनाम्याला साहित्याची यादी जोडलेली असते. तिच्यात ‘नामांकित कंपनीचे’ असं मोघम असेल तर वायर, नळ, लिफ्ट, खिडक्यांचे सेक्शन यांची नावं लिहून घे. ताब्याची तारीख महारेराच्या पानावरची आणि करारातली एकच आहे ना, तेही बघ. उशीर झाला तर तुला व्याज मागण्याचा हक्क आहे. तुझे भावोजी म्हणतात, इतकं विचारलं तर बिल्डर घरच देणार नाही. मला तसं वाटत नाही. जो चांगला आहे त्याला विचारणारं गिऱ्हाईक आवडतं, आणि ज्याला आवडत नाही त्याच्याकडे तुझी आयुष्याची कमाई जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ताबा घ्यायला जाशील तेव्हा सकाळी जा, घाईची वेळ देऊ नकोस. टेप घेऊन जा, स्वतः खोल्या मोज; कार्पेटमध्ये तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही. टाइल्सवर नाण्याने टकटक कर, पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण कर. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओत, ते नहाणी ट्रॅपकडे जातं की दाराकडे ते बघ. शक्य झालं तर ट्रॅप बुजवून दोन दिवस पाणी साठवून ठेव आणि खालच्या फ्लॅटचं छत बघून ये. खिडकीचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता हवा. आपल्याकडच्या पावसात आतल्या बाजूची निम्मी ओल तिथूनच येते, हा माझा कमिटीतला अनुभव आहे. सगळे दोष फोटोसकट ईमेलने कळव, तोंडी नको. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला, तर तो बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं. आमची गच्चीसुद्धा त्या कलमाचा उल्लेख केलेलं पत्र गेल्यावरच नीट झाली. पत्राने भागलं नाही तर महारेराकडे तक्रारीची फी पाच हजार रुपये आहे.

आणि कितीही घाई असली, भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरावे लागत असले, तरी भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ओसीची, प्रत हातात आल्याशिवाय ताब्याच्या पत्रावर सही करू नकोस. ‘फर्निचरसाठी चावी घ्या, ओसी येईलच’ असं म्हणतील. ओसीचा क्रमांक घे, पालिकेत जाऊन जुळव, आणि मगच सामानाचा टेम्पो बोलव.